पाय न उचलता

पन्नाशी ओलांडल्यावर माणसाला आपल्या शरीराचा खरा अर्थ कळतो, आणि तो सांगण्याचं सामर्थ्य फक्त कलेत असतं. परीक्षित देवस्थळीला हे वाक्य इतकं पटलं, की त्यानं ते दोनदा वाचलं. ते प्रौढ शिक्षण केंद्राच्या माहितीपत्रकावर छापलेलं होतं, आणि त्याच्या खालच्याच ओळीत, त्याच टायपात, पार्किंगची सोय नाही असंही म्हटलं होतं. तसं पाहिलं तर त्याचं कलेशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या बायकोनं, ऋचानं, दोघांसाठी जपानी पुष्परचनेचा वर्ग बुक केला होता. कोर्स कोडचा शेवटचा आकडा चुकला आणि नावं जाऊन पडली जपानी नृत्यात. केंद्रातल्या बाईंनी फोनवर फार गोड आवाजात समजावलं, की दोन्ही जपानीच आहेत. ऋचानं आपलं नाव काढून घेतलं, कारण मंगळवारी संध्याकाळी तिचे अमेरिकेशी कॉल असतात. "तू जा रे," ती म्हणाली, "नाहीतरी घरी तू हल्ली सोफ्याचाच एक भाग होत चाललायस." हे ती सहज बोलून गेली. पुढे डिसेंबरात तिनं ते वाक्य परत घ्यायचा बराच प्रयत्न केला, पण बोललेलं वाक्य घेऊन ती ठेवणार कुठे.

टर्मच्या तिसऱ्या मंगळवारी, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या, ते झालं. लंडनच्या सिटीतून मेट्रोपॉलिटन लाइननं हॅरो-ऑन-द-हिलला उतरून चर्चमागच्या हॉलमध्ये पोचायला त्याला उशीर झाला होता, म्हणून तो मागच्या रांगेत शशीताई बर्व्यांच्या शेजारी उभा राहिला. शशीताई मूळच्या गिरगावच्या, इथं तीस वर्षं फार्मसिस्ट, आता रिटायर होऊन दर टर्मला एक याप्रमाणे सगळ्या कला संपवत निघालेल्या. एकूण नऊ जण. सगळ्यांच्या पायांत अंगठा वेगळा असलेले पांढरे मोजे, त्यामुळे नऊ प्रतिष्ठित माणसं खुरांवर उभी असल्यासारखी दिसत होती. शिकवणाऱ्या मोरिताबाई सत्तरीच्या, परीक्षितच्या खांद्याला जेमतेम लागतील एवढ्या. त्यांना सेन्सेई म्हणायचं. त्यांनी फोनवर लावलेली शामिसेनची, त्या तीनतारी जपानी वाद्याची, तार मध्येच तोडली आणि म्हणाल्या, "थांबा. सगळ्यांनी मिस्टर पॅरींच्या पायांकडे बघा." पॅरी म्हणजे तोच. बँकेत सॉफ्टवेअरच्या कामाला लागला त्या पहिल्याच आठवड्यात त्याला हे नाव मिळालं होतं, कारण त्याच्या खऱ्या नावाचा इंग्रजीतला शेवट असा होतो, की ई-मेलचा फिल्टर त्याची पत्रं अश्लील म्हणून अडवायचा. आठ जण वळले. परीक्षितनंही खाली पाहिलं. आपल्याला पाय आहेत हे इतक्या लोकांच्या साक्षीनं त्याला प्रथमच कळत होतं. "तळवा जमीन सोडत नाही," सेन्सेई म्हणाल्या. "टाच उठत नाही. डोकं वरखाली होत नाही. ह्याला सुरिआशी म्हणतात. हे शिकवायला मला चार-चार वर्षं लागतात. मिस्टर पॅरी ते घेऊनच आले आहेत." शशीताईंनी वहीत 'सुरेशी' असं उतरवून घेतलं आणि कोपरानं ढोसत मराठीत कुजबुजल्या, "अहो देवस्थळी, पुढच्या रांगेत जा की आता. आम्ही आपले बघून बघून घसटतो."

त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात परीक्षितचं कौतुक झालं नव्हतं असं नाही. त्याला वेळेवर येणारा म्हणत, शांत म्हणत, एकदा अप्रेझलमध्ये त्याच्या मॅनेजरनं त्याला 'पायाचा दगड' म्हटलं होतं आणि मग तोच प्रोजेक्ट बंद झाला होता. पण शरीराबद्दल कुणी काही चांगलं बोललं नव्हतं. नागपूरच्या शाळेत कवायतीत त्याला शेवटच्या रांगेत, भिंतीकडे उभं करत. लग्नाच्या व्हिडिओत सगळी वरात नाचते आहे आणि तो कुणाच्या तरी पर्सा धरून उभा आहे. त्या दिवशी स्टॅनमोरच्या बसमध्ये बसायला जागा असूनही तो उभा राहिला आणि तळवे जमिनीला लावून त्यानं प्रत्येक वळण पायांनी घेतलं. वाटलं, हे मी कधीपासून करतो आहे आणि मला कुणी सांगितलंही नाही. उतरताना ड्रायव्हर म्हणाला, "माइंड युअर स्टेप, मेट." परीक्षितला ते रसिकाचं वाक्य वाटलं.

सेन्सेई शिकवताना पुष्कळ बोलत, आणि त्यांचं बोलणं त्याला पावलांपेक्षा जास्त लक्षात राही. हे जे आपण करतो, त्या म्हणत, ते नाच म्हणून जन्मलंच नाही. ते नाटकात जन्मलं, काबुकीच्या रंगमंचावर, जिथं पुरुष बायका होत. बाई व्हायला चेहरा लागत नाही, गुडघे लागतात. गुडघे जवळ आणा, पावलं आत वळवा, बाई येते. म्हातारा व्हायचं असेल तर म्हाताऱ्याचं सोंग करू नका, पाऊल तसं ठेवा. म्हातारपण आपोआप येतं. ह्या नाचासाठीचा जपानी शब्दही त्यांनी फोडून दाखवला. त्यात दोन अक्षरं आहेत, माई आणि ओदोरी. माई म्हणजे जमीन न सोडता फिरणं, ते नोह नावाच्या आणखी जुन्या नाटकातून काबुकीत आलं. ओदोरी म्हणजे उडी, पाय उचलून आपटणं. अर्धा नाच जमिनीवरचा, अर्धा जमीन सोडून. परीक्षितला पहिला अर्धा यायचा. दुसऱ्या अर्ध्यात, तबल्याच्या समेसारखा पाय नेमका पडायला हवा तिथं, त्याचा डावा पाय जरा उशिरा यायचा, लग्नाला आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा, सगळ्यांची पंगत बसल्यावर. सेन्सेई त्यावर काही बोलत नसत. त्यानंही मनाशी ठरवून टाकलं, की आपण माईचे कलावंत.

आणि मग त्यांनी घराण्यांबद्दल सांगितलं. तिथं कला बापाकडून मुलाकडे जाते, नावासकट. बापाचं नाव मुलगा वयात आल्यावर घेतो, आजोबांचं त्यानंतर, आणि एकच नट दोन-तीनशे वर्षं जिवंत असल्यासारखा वाटतो.  हे ऐकताना परीक्षितला आपले वडील, अण्णा, आठवले. अण्णा वीज मंडळात कारकून होते आणि ऑफिसच्या नाटकमंडळीत अकरा वर्षं प्रॉम्प्टर. राज्य नाट्य स्पर्धेत विंगेत स्टुलावर बसून, बॅटरीच्या उजेडात, सगळ्यांची वाक्यं त्यांनी सांगितली. टाळ्या विंगेतून कशा ऐकू येतात ते त्यांना पाठ होतं. एका वर्षी म्हाताऱ्याचं काम करणाऱ्याला ऐन वेळी गालगुंड झालं आणि वाक्यं येतात म्हणून अण्णांना उभं केलं. चौपन्न वर्षांचे अण्णा पाय घासत आले, थरथरत्या हातानं कपबशी उचलली, बशीचा किणकिण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि सभागृह गप्प झालं. उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालं. परीक्षकांनी लिहिलं होतं, वृद्धत्वाचा कंप अत्यंत संयतपणे दाखवला. ते प्रमाणपत्र बैठकीत लागलं. पुढच्या वर्षी त्याच आनंदात मंडळींनी अण्णांना तरुण वकिलाचं काम दिलं. हात तसाच हलला. परीक्षकांनी लिहिलं, हातांवर नियंत्रण हवे. त्याच्या पुढच्या वर्षी अण्णांना शर्टाची बटणं लावता येईनात, आणि आई, जी इतकी वर्षं "पाय उचला हो, फरशी झिजेल" म्हणत होती, ती एकदम म्हणायची थांबली. डॉक्टरांनी सांगितलेला कंपवात हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. पाहुण्यांना प्रमाणपत्र दाखवत राहिले. परीक्षित तेव्हा इंजिनिअरिंगला होता. बाहेरच्या खोलीत चपलांचा तो फरफर आवाज सुरू झाला की तो पुस्तकातलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायचा.

तर हे घराणं. गंमत म्हणून त्यानं तसं मनाशी म्हटलं आणि गंमत म्हणून ते सोडूनही दिलं. पण गंमत त्याला सोडीना. टूथब्रश घेऊन बेसिनकडे जाताना तो स्वतःचं ऐकू लागला. ऑफिसच्या कार्पेटवर काही ऐकू येत नसे, म्हणून तो मुद्दाम जिन्यानं जाऊ लागला. आपण हे करतो आहोत, की हे आपल्याला होतं आहे? मराठीत ह्या दोन क्रियापदांमध्ये किती अंतर आहे, ते त्याला आजवर जाणवलं नव्हतं. मी चालतो. मला चाललं जातं. सेन्सेई तर म्हणत, करू नका, होऊ द्या. सगळा वर्ग हे होण्यासाठी धडपडत होता आणि त्याला ते फुकट मिळालं होतं. फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल त्याच्या मनात, नागपूरकर असूनही, पुणेरी संशय होता.

नोव्हेंबरात त्यांची मुलगी दिया लीड्सहून घरी आली. ती तिथं फिजिओथेरपी शिकते. इथंच जन्मली, तिचं मराठी चांगलं आहे, फक्त त्यात कोण पुरुष आणि कोण बाई ते आपण समजून घ्यायचं. सोमवारी सकाळी परीक्षित कचऱ्याचा निळा बिन फाटकापर्यंत ओढत नेऊन ठेवून परत येत होता, आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीत चहाचा मग घेऊन उभी होती. तो आत आल्यावर ती म्हणाली, "बाबा, क्लास नसते तेव्हा पण तू असंच चालते?"

"चालतोस," ऋचा लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली.

"चालतोस. सॉरी. पण चालतोस का?"

"असंच म्हणजे कसं?" परीक्षितनं विचारलं. खरं तर त्याला आवडलं होतं. "त्याला सुरिआशी म्हणतात. सेन्सेईंनी सगळ्या वर्गाला थांबवून दाखवलं. चार वर्षं लागतात लोकांना."

"तुझा लेफ्ट हँड हलतच नाही, बाबा. राइट हलते. लेफ्ट नुसती लटकते."

"जपानी नृत्यात हात हलवत नाहीत."

"बिन बाहेर ठेवताना पण जपानी डान्स?"

ऋचानं लॅपटॉप मिटला. तो मिटण्याचा आवाज फार हळू झाला, आणि परीक्षितला कळलं, की ही बातमी ह्या घरात नवी फक्त त्यालाच आहे. दियानं खिडकीतून व्हिडिओ काढला होता. सतरा सेकंदांचा. त्यात एक माणूस निळ्या बिनपासून दाराकडे येत होता, चेहऱ्यावर काहीही नसलेला, एक हात खिशात नसून खिशात असल्यासारखा. परीक्षितनं तो तीनदा पाहिला. पहिल्यांदा त्याला वाटलं, काय सुंदर चाललाय. दुसऱ्यांदा वाटलं, हे अण्णा आहेत, ह्यांना व्हिसा कसा मिळाला. तिसऱ्यांदा त्यानं फक्त बिनकडे पाहिलं. "मी उगाच घाबरवत नाही तुला," दिया म्हणाली आणि तिचे डोळे भरले, "पण कुणाला तरी दाखव ना. प्लीज. तू दाखवशील ना?" घाईत असूनही क्रियापद बरोबर आलं होतं. त्याला त्याचीच भीती वाटली.

ऑफिसच्या विम्यामुळे तारीख तीन आठवड्यांत मिळाली. त्या तीन आठवड्यांत त्यानं एकच गोष्ट हिशेबात धरली होती: डॉक्टर काहीही म्हणोत, तो मंगळवार आपला असला पाहिजे. आजार झाला तर झाला. आजार हा अण्णांकडून आलेला, त्यात आपलं कर्तृत्व काही नाही. पण आयुष्यात एकदा आठ माणसं आपल्याकडे वळून बघत होती, ती आपल्याकडेच बघत होती की आजाराकडे, एवढं त्याला हवं होतं. हे तो ऋचाला सांगू शकला नाही. तिनं विचारलंही, "कसला एवढा विचार करतोस, परीक्षित? लवकर कळलं तर औषधं आहेत रे." तो म्हणाला, "नाही, विचार नाही करत. होतोय."

डॉक्टर एक तरुण बाई होत्या, दियापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या. बोटं चिमटीसारखी उघडा-मिटा, हात सैल सोडा, नाकाला बोट लावा. हे सगळं त्यानं आज्ञाधारकपणे केलं. मग त्या म्हणाल्या, "आता दारापर्यंत चालून जा आणि परत या. नेहमीसारखं."

परीक्षित उभा राहिला आणि राहूनच गेला. नेहमीसारखं म्हणजे कुठलं? एक चालणं नागपूरच्या कॉलेजातलं होतं, पुढे कोण मुलगी आहे त्यावर कमीजास्त होणारं. एक चालणं लंडनला आल्यावर त्यानं लोकांचं बघून बसवलेलं होतं, सरकत्या जिन्यावर डावीकडून, माफी मागितल्यासारखं पण वेगानं. एक मंगळवारचं. त्याखाली एखादं मूळचं, कुणाचंच न बघता केलेलं चालणं असेल तर ते त्याला सापडेना. बाई व्हायचं तर गुडघे जवळ, म्हातारा व्हायचं तर पाऊल असं. पण परीक्षित देवस्थळी व्हायचं तर काय करायचं, हे सेन्सेईंनी शिकवलं नव्हतं. सकाळपासून त्यानं बाथरूममध्ये एक निरोगी माणूस बसवला होता, गुडघ्यातून पाय उचलणारा, दोन्ही हात झुलवणारा. शेवटी त्यानं तोच सादर केला. सहा पावलं ती भूमिका उत्तम गेली. दाराशी वळायचं होतं. तिथं निरोगी माणूस संपला. पावलं बारीक बारीक झाली, पाच-सहा तुकड्यांत तो कसाबसा वळला आणि परत येताना फरशीवर तो फरफर आवाज आला, जो त्यानं इतका जवळून कधी ऐकला नव्हता.

डॉक्टर लिहीत होत्या. "तुम्ही नृत्य करता का?" त्यांनी विचारलं.

परीक्षितच्या छातीत एकदम उजेड पडला. "तुम्हाला कसं कळलं?"

"फॉर्मवर लिहिलंय. छंद, जपानी नृत्य." मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे घेतली. त्या फार नीट बोलल्या. स्कॅन करून घेऊ, पण मला जे दिसतंय ते पार्किन्सन्सच्या सुरुवातीसारखं दिसतंय. खूप काही करता येतं. माणसं वर्षानुवर्षं उत्तम जगतात. नाच मुळीच सोडू नका. काही विचारायचंय? ऋचानं त्याचा हात धरला होता, डावा. परीक्षितला एकच विचारायचं होतं.

"ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी हे मला होतं का?"

डॉक्टरांनी ऋचाकडे पाहिलं. ऋचानं खाली पाहिलं.

"हे फार हळू येतं," डॉक्टर म्हणाल्या. "काही वर्षं आधीपासून असू शकतं. नेमका दिवस नाही सांगता येत. का? त्या मंगळवारी काही झालं होतं का? पडलात का?"

"नाही," परीक्षित म्हणाला. "पडलो नाही."

टर्मचा शेवटचा वर्ग डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होता. हीटर बंद पडला होता आणि लाकडी फरशी मोज्यांतून चावत होती. शेवटी सेन्सेईंनी स्वतः चार मिनिटं नाचून दाखवलं: एक म्हातारा बर्फातून येतो, थांबतो, हातातला पंखा छत्रीसारखा धरतो, आणि बर्फात कुणाची तरी वाट बघतो. त्यांचा पाय फरशीवरून सरकत होता तो परीक्षित डोळे बारीक करून बघत होता. तसाच होता. तळवा जमीन सोडत नव्हता, टाच उठत नव्हती. मग नाच संपला, आणि सेन्सेई टाचा आपटत, पाय उचलून, भराभरा हीटरकडे गेल्या आणि त्याला एक लाथ घातली. परीक्षितला ती लाथ फार खोल कुठेतरी लागली. ते काढून ठेवता येतं. नाचणाऱ्याला ते काढून ठेवता येतं, एवढाच फरक होता. अण्णांनाही तो फरक दुसऱ्या वर्षी वकील होता होता कळला असेल, सगळ्या सभागृहासमोर, एकट्यांना.

सगळे निघाल्यावर तो मागे राहिला. शशीताई दारातून म्हणाल्या, "देवस्थळी, येताय ना? बस जाईल हो." "पुढची घेतो," तो म्हणाला. सेन्सेई कोट चढवत होत्या. त्यानं त्यांना सगळं सांगितलं, इंग्रजीत, त्यामुळे ते थोडक्यात झालं. त्या ऐकून घेत होत्या; मध्ये एकदा त्यांनी त्याच्या डाव्या बाहीवरचा धागा काढून टाकला. "म्हणून मला विचारायचं होतं," परीक्षित म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही माझे पाय सगळ्यांना दाखवलेत. तेव्हा तुम्हाला काय दिसलं? नृत्य होतं ते, की हे होतं? तुम्ही खरं सांगितलंत तर मला चालेल." आणि हे म्हणताना त्याच्या लक्षात आलं, की चालणार नाही. नृत्य म्हटलं तरी नाही, हे म्हटलं तरी नाही. पण कुणीतरी जाणकारानं, वहीत नव्हे, तोंडानं सांगावं. अण्णांना निदान तीन परीक्षक होते.

 सेन्सेईंनी "ओ" असं म्हणत पिशवीतून केंद्राची फाइल काढली, एक पान उलटलं आणि बोट ठेवलं. टर्मचा अहवाल होता. नऊ नावं, आणि समोर रकाना: विद्यार्थ्याचं नाव घेऊन वर्गासमोर केलेलं कौतुक, टर्ममध्ये किमान एकदा, बाब आणि तारीख लिहावी. शशीताईंपुढे पंखा होता. एका गृहस्थांपुढे उभं राहणं होतं. सगळ्यात शेवटच्या बाईंपुढे हजेरी होती. परीक्षितच्या नावापुढे पाय होते, आणि बाकी सगळ्या तारखा नोव्हेंबरातल्या, त्याची एकट्याची ऑक्टोबरची.

"माझी तारीख आधीची का?" त्यानं विचारलं.

"तुम्ही सोडून जाल असं वाटलं होतं," सेन्सेई म्हणाल्या. "म्हणून तुमचं आधी करून टाकलं. इथं सही करा, प्लीज."

त्यानं सही केली. ती हल्ली बारीक येते, त्यामुळे रकान्यात नीट मावली. नऊच्या नऊ सह्या पूर्ण झाल्या.